बंद दिव्यासाठी बंदूक कशाला?

अमेरिकेत एखाद्या कृष्णवर्णीय माणसाची गाडी किरकोळ नियमभंगासाठी अडवली जाते आणि तो पोलिसाच्या हातून मरतो, तेव्हा चर्चा दोन ठरलेल्या वाटांनी जाते. एक बाजू म्हणते, तो पोलीसच वंशद्वेष्टा होता, त्याला शिक्षा करा. दुसरी बाजू म्हणते, चालकाने मुकाट्याने ऐकले असते तर काहीच झाले नसते. दोन्ही बाजू एकमेकींवर तुटून पडतात. पण दोघींचीही नजर शेवटच्या मिनिटावरच खिळलेली असते. चालकाचा हात कुठे होता, आधी कोण ओरडले, पोलिसाला खरोखर भीती वाटली की नाही, याचा कीस पाडला जातो. खटल्यात ही तपासणी लागतेच. पण हे पुन्हा पुन्हा का घडते याचे उत्तर त्या शेवटच्या मिनिटात सापडत नाही.

माझे म्हणणे असे आहे की मूळ प्रश्न गाडी अडवण्याच्या निर्णयात आहे. अमेरिकी कायद्याने वाहतुकीचा प्रत्येक बारीकसारीक नियम पोलिसांना तपासाची सबब म्हणून वापरू दिला. ही सबब कोणावर वापरायची हे पोलिसाच्या मर्जीवर सोडले, आणि वंशभेद त्या मर्जीतून आत येतो. मनात संशय आणि कमरेला पिस्तूल घेऊन कोणी गाडीच्या काचेशी उभा राहिला की बळाच्या वापराची निम्मी तयारी झालेलीच असते. म्हणून किरकोळ नियमभंगासाठी सशस्त्र पोलिसाने गाडी अडवण्याची प्रथाच मोडीत काढली पाहिजे. प्रशिक्षण, कॅमेरे आणि खटले हवेतच, पण ते या बदलाची जागा घेऊ शकत नाहीत.

१. एका नावाखाली दोन वेगळी कामे

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘ओपन पोलिसिंग’ प्रकल्पाच्या अंदाजानुसार अमेरिकेत पोलीस वर्षाला सुमारे २ कोटी वाहनचालकांना अडवतात. सर्वसामान्य नागरिकाचा पोलिसांशी संबंध येतो तो बहुतेक वेळा इथेच. हे सगळे एकाच प्रकारचे काम आहे असे आपण धरून चालतो, आणि तिथेच चुकतो.

कॅन्सस विद्यापीठाचे चार्ल्स एप, स्टीव्हन मेनार्ड-मूडी आणि डोनाल्ड हायडर-मार्केल यांनी कॅन्सस सिटी परिसरातील वाहनचालकांचा अभ्यास करून २०१४ साली ‘पुल्ड ओव्हर’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांनी गाड्या अडवण्याचे दोन प्रकार वेगळे काढले. पहिला प्रकार रस्ता सुरक्षेचा. चालक फार वेगात होता, त्याने लाल सिग्नल तोडला, तो दारू पिऊन चालवत होता. दुसरा प्रकार तपासाचा. मागचा एक दिवा बंद आहे, नंबरप्लेटवर पुरेसा उजेड नाही, इंडिकेटर उशिरा दिला. या दुसऱ्या प्रकारात पोलिसाला त्या दिव्याशी काही देणेघेणे नसते. चालक कोण आहे, गाडीत काय आहे, त्याच्या नावावर वॉरंट आहे का, हे त्याला पाहायचे असते.

पहिल्या प्रकारात कोणाला अडवले जाईल हे मुख्यतः तो गाडी कशी चालवतो यावर ठरते, वंशाने फारसा फरक पडत नाही. दुसऱ्या प्रकारात मात्र कृष्णवर्णीय चालक गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळा अडवले जातात. माझ्या युक्तिवादाचा पाया हा निष्कर्ष आहे. सगळा दोष पोलिसांच्या मनातल्या द्वेषाचा असता तर तो दोन्ही प्रकारांत सारखाच दिसायला हवा होता. परिसर तोच, रस्ते तेच, गणवेश तोच. जिथे नियम पोलिसाचे हात बांधतो तिथे वंशाचा प्रभाव ओसरतो, आणि जिथे मर्जीला वाव मिळतो तिथे तो उफाळून येतो. त्यामुळे त्या मर्जीला कायदा किती जागा देतो, हे आधी तपासावे लागते.

२. ही मोकळीक न्यायालयांनी दिली

ती जागा बरीच मोठी आहे, आणि ती अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टप्प्याटप्प्याने वाढवली आहे. १९७७ साली ‘पेनसिल्व्हेनिया विरुद्ध मिम्स’ खटल्यात न्यायालयाने ठरवले की कायदेशीरपणे गाडी अडवल्यावर पोलीस चालकाला खाली उतरायला सांगू शकतो, त्यासाठी वेगळा संशय असण्याची गरज नाही. १९९७ साली हाच अधिकार सोबतच्या प्रवाशांनाही लागू झाला. २००१ साली टेक्सासमधील एका आईचे प्रकरण न्यायालयापुढे आले. गाडीत तिने आणि मुलांनी सीटबेल्ट लावला नव्हता म्हणून तिला बेड्या घालून कोठडीत नेले होते. या गुन्ह्याला जास्तीत जास्त शिक्षा होती ५० डॉलर दंड. तरीही ५ विरुद्ध ४ मतांनी ती अटक घटनेला धरून असल्याचा निकाल लागला.

या साखळीतला सर्वांत महत्त्वाचा दुवा १९९६ चा ‘रेन विरुद्ध अमेरिका’ हा निकाल. वॉशिंग्टनमध्ये अमली पदार्थविरोधी गस्तीवर असलेल्या साध्या वेशातील पोलिसांनी दोन कृष्णवर्णीय तरुणांची गाडी अडवली. सांगितलेले कारण असे की ती थांबा-खुणेपाशी २० सेकंदांहून जास्त थांबली आणि मग इशारा न देता वळली. गाडीत कोकेन सापडले. बचाव पक्षाचे म्हणणे होते की वाहतुकीचे कारण निव्वळ बहाणा होता. शहर पोलिसांच्या स्वतःच्या नियमावलीनुसारही तातडीचा धोका असल्याशिवाय साध्या वेशातील पोलिसांनी वाहतूक कारवाई करायची नव्हती. न्यायालयाने एकमताने सांगितले की पोलिसाच्या मनात काय होते हे पाहण्याचे कारण नाही. नियमभंग दिसला असेल तर गाडी अडवणे वैध.

वरवर पाहता हा निकाल तर्कशुद्ध वाटतो. त्याचे परिणाम मात्र दूरगामी झाले. अमेरिकी राज्यांच्या वाहतूक कायद्यांत आरशाला काय लटकवावे इथपासून नंबरप्लेटची चौकट कशी असावी इथपर्यंत इतके नियम आहेत की कोणतीही गाडी काही मैल चालली की एखादा तरी मोडतोच. म्हणजे पोलिसाला कोणतीही गाडी केव्हाही अडवता येते. १९७९ साली याच न्यायालयाने कोणताही संशय नसताना मनाला येईल ती गाडी अडवायला मनाई केली होती. १९९६ च्या निकालाने ती मनाई कागदावर ठेवली आणि व्यवहारात संपवली.

हे सगळे पोकळीत घडले नाही. १९८० च्या दशकात केंद्रीय अमली पदार्थविरोधी यंत्रणेने ‘ऑपरेशन पाइपलाइन’ सुरू केले आणि राज्याराज्यांतल्या महामार्ग पोलिसांना किरकोळ नियमभंगाच्या आधाराने गाडी थांबवून झडती कशी घ्यावी याचे शिक्षण दिले. वाहतूक नियमन हे गुन्हेगार हुडकण्याचे हत्यार आहे ही समजूत इथे पक्की झाली.

३. वंशभेद नेमका कुठून शिरतो

कोणतीही गाडी अडवता येते, पण सगळ्या गाड्या अडवणे अशक्य असते. निवड करावीच लागते, आणि ती ‘संशयास्पद कोण वाटतो’ या आडाख्यावर होते. हा आडाखा वंशाने रंगलेला आहे हे दाखवणारा भक्कम पुरावा आहे.

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२० साली जवळजवळ १० कोटी नोंदींचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी एक सोपी कसोटी वापरली. वर्षाच्या काही महिन्यांत संध्याकाळी सातला लख्ख उजेड असतो, काही महिन्यांत त्याच वेळी मिट्ट काळोख. वेळ तीच असल्याने रस्त्यावरची वर्दळही साधारण तीच. काळोखात मात्र चालकाचा रंग लांबून दिसत नाही. मग अडवलेल्यांतील कृष्णवर्णीयांचे प्रमाण काळोखात घटत असेल, तर उजेडात त्यांचा रंग पाहिला जात होता असेच म्हणावे लागते. ते प्रमाण घटते. याच अभ्यासात असेही दिसले की गोऱ्यांच्या तुलनेत कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक चालकांची झडती कमी पुराव्यावर घेतली जाते.

मिसुरीतल्या फर्ग्युसन शहराबद्दल अमेरिकेच्या न्याय विभागाने मार्च २०१५ मध्ये दिलेला अहवाल हेच सांगतो. शहराच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय ६७ टक्के होते, अडवलेल्या वाहनचालकांत ८५ टक्के आणि अटक झालेल्यांत ९३ टक्के. त्यांची झडती गोऱ्यांच्या दुपटीहून अधिक वेळा घेतली जात होती, पण त्यांच्याकडे बेकायदा काही सापडण्याचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा २६ टक्क्यांनी कमी होते. शिवाय वाहतुकीसारख्या दंडांवर शहराच्या तिजोरीचा मोठा भार होता. न्यू जर्सीत तर टर्नपाइकवर वंश पाहून गाड्या अडवल्या जातात हे राज्य सरकारनेच १९९९ साली मान्य केले. अनेक मराठी कुटुंबांच्या रोजच्या वाटेवरचा हा महामार्ग आहे.

या आकड्यांमागचे आयुष्य कसे असते ते फिलँडो कॅस्टील यांच्या नोंदींत दिसते. ते मिनेसोटातील सेंट पॉल येथे शाळेच्या उपाहारगृहात पर्यवेक्षक होते. २००२ पासून त्यांची गाडी किमान ४६ वेळा अडवली गेली आणि दंड ६ हजार डॉलरच्या वर गेला. या सगळ्यांत बाहेरून दिसेल असा नियमभंग अगदी मोजक्या वेळी होता. दंड थकला की परवाना निलंबित, परवाना निलंबित म्हणून पुन्हा दंड, अशा चक्रात ते अडकले होते. ६ जुलै २०१६ रोजी त्यांना शेवटचे अडवले ते ब्रेक लाइटचे कारण सांगून. पण गाडी थांबवण्याआधी पोलिसाने वायरलेसवर जे सांगितले ते नोंदले गेले आहे: चालकाचे नाक रुंद आहे, तो दरोड्यातल्या संशयितासारखा वाटतो.

४. बोलाचालीपासून बळापर्यंत

गाडी अडवली म्हणून लगेच हात उगारला जात नाही. मधल्या पायऱ्या असतात, आणि अडवण्याचा हेतूच ठरवतो की त्या चढल्या जातील की नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कृष्णवर्णीय चालकांना अडवल्याच्या ५७७ प्रसंगांचे बॉडी कॅमेऱ्यातील ध्वनिमुद्रण तपासले गेले. पोलिसाच्या पहिल्या ४५ शब्दांतच पुढचा रोख कळून येत होता. ज्या प्रसंगांचा शेवट बेड्या, झडती किंवा अटकेत झाला त्यांची सुरुवात हुकमाने होण्याची शक्यता इतरांच्या जवळजवळ तिप्पट होती, आणि गाडी का थांबवली हे सांगण्याची शक्यता बरीच कमी. म्हणजे चालक तोंड उघडतो न उघडतो तोच वळण ठरलेले असते.

सँड्रा ब्लँड यांचा प्रसंग डॅशकॅमवर पहिल्यापासून शेवटपर्यंत नोंदला गेला आहे. २८ वर्षांच्या ब्लँड शिकागो परिसरातून टेक्सासमधील प्रेअरी व्ह्यू येथे नोकरीसाठी आल्या होत्या. १० जुलै २०१५ रोजी मागून वेगाने येणाऱ्या पोलिसाच्या गाडीला वाट देण्यासाठी त्यांनी लेन बदलली, इंडिकेटर दिला नाही. कागदपत्रे पाहून पोलीस परत आला तो लेखी ताकीद देण्यासाठी. तिथे प्रकरण संपायला हवे होते. पण तो म्हणाला की तुम्ही चिडलेल्या दिसता. तुम्हाला वाट देत असताना दंड कसला, म्हणून चिडले आहे, असे त्यांनी सरळ सांगितले. मग त्याने सिगारेट विझवायला सांगितले. स्वतःच्या गाडीत का विझवायची, असे त्यांनी विचारले. यावर खाली उतरण्याचा हुकूम झाला, दार उघडून त्यांना ओढण्याचा प्रयत्न झाला आणि टेसर (विजेचा झटका देणारे शस्त्र) रोखून धमकी दिली गेली. त्यांच्यावर पोलिसावर हल्ल्याचा आरोप ठेवला गेला, जामिनाचे पैसे तातडीने उभे राहिले नाहीत आणि तीन दिवसांनी त्या कोठडीत गळफास लागलेल्या अवस्थेत मृत आढळल्या.

या साखळीत वाहतूक सुरक्षा कुठेच नाही. इंडिकेटरचा विषय ताकिदीने संपला होता. त्यापुढचा प्रत्येक टप्पा हुकमाच्या मानापमानाचा होता, आणि चालकाला उतरवण्याचा हुकूम १९७७ च्या निकालाने त्या पोलिसाच्या हाती आधीच दिलेला होता.

बळ वापरले गेल्यावर न्यायालय ते कोणत्या मापाने मोजते, हेही पाहिले पाहिजे. १९८९ च्या ‘ग्रॅहम विरुद्ध कॉनर’ निकालाने ठरवले की त्या क्षणी त्या जागी असलेल्या वाजवी पोलिसाच्या नजरेतून बळाची योग्यता तपासावी, मागाहून सुचलेल्या शहाणपणाने तपासू नये. हा खटला गाडी अडवण्यातूनच उभा राहिला होता. नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट येथे १९८४ साली मधुमेही असलेल्या डेथॉर्न ग्रॅहम यांची रक्तातली साखर उतरू लागली. ते मित्राच्या गाडीतून संत्र्याचा रस घ्यायला दुकानात गेले, रांग मोठी दिसली म्हणून घाईने बाहेर आले. त्या घाईवरून पोलिसाला चोरीचा संशय आला आणि त्याने गाडी अडवली. ग्रॅहम कृष्णवर्णीय होते. बेड्या घालून त्यांचे तोंड गाडीच्या बॉनेटवर दाबले गेले. एका मित्राने रस आणून दिला तोही पोलिसांनी पिऊ दिला नाही. त्यांचा पाय मोडला, मनगटे कापली, खांदा दुखावला. दुकानात काहीच घडले नव्हते हे कळल्यावर त्यांना घरी सोडण्यात आले. बळाच्या वापराचा आजचा राष्ट्रीय मापदंड या प्रसंगातून जन्मला, आणि तो पुढे बहुतेक वेळा पोलिसांच्याच बाजूने झुकत राहिला.

काही कनिष्ठ न्यायालयांनी तर याहून पुढे जाऊन फक्त धोक्याचा नेमका क्षण तेवढा पाहायचा असा संकेत पाडला. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये ‘बार्न्स विरुद्ध फेलिक्स’ खटल्यात एकमताने तो अमान्य केला. ह्यूस्टनमध्ये २०१६ साली टोल थकल्याच्या कारणाने अडवलेली ती गाडी होती, आणि ती पुढे सरकू लागताच पोलीस तिच्या पायरीवर चढला आणि काही सेकंदांत त्याने चालकावर गोळ्या झाडल्या. आधीचा सारा घटनाक्रम पाहिला पाहिजे, असे आता न्यायालयच सांगते. पण कोर्टात तपासायचा घटनाक्रम गाडी अडवल्यापासून सुरू होतो. मुळात ती का अडवली, हा प्रश्न १९९६ च्या निकालाने आजही दाराबाहेर ठेवला आहे.

५. वाईट पोलीस हुडकून भागत नाही

७ जानेवारी २०२३ रोजी मेम्फिसमध्ये टायर निकोल्स यांना बेदरकारपणे गाडी चालवल्याचे कारण सांगून अडवले आणि त्यांच्या आईच्या घरापासून थोड्याच अंतरावर बेदम मारले. तीन दिवसांनी ते गेले. मारणाऱ्यांपैकी ज्या पाच पोलिसांवर खुनाचे आरोप ठेवले गेले ते पाचही कृष्णवर्णीय होते. पोलीसप्रमुख सेरेलिन डेव्हिस याही कृष्णवर्णीय, आणि बेदरकार चालवण्याचा पुरावा सापडला नाही हे त्यांनीच जाहीर केले. ‘मग यात वंशभेद कुठे?’ असा प्रश्न तेव्हा बऱ्याच जणांनी विचारला.

माझ्या मते याच घटनेने प्रश्नाचे खरे रूप उघड केले. ते पोलीस ‘स्कॉर्पियन’ नावाच्या खास पथकाचे होते. गुन्हेगारी जास्त असलेल्या वस्त्यांत जाऊन गाड्या अडवणे आणि त्यातून बंदुका आणि गुन्हेगार शोधणे हे त्यांचे नेमून दिलेले काम होते. अशा कामात वंशभेद करण्यासाठी मनात द्वेष असावाच लागत नाही. कोणत्या वस्तीत पाठवायचे, कोणाकडे संशयाने पाहायचे, कामगिरी किती अटकांवर मोजायची, हे वरून ठरलेले असते. गोऱ्या पोलिसाच्या जागी काळा पोलीस आणला तरी ते काम तसेच राहते.

शिक्षेचेही तसेच. साउथ कॅरोलायनात २०१५ साली बंद ब्रेक लाइटसाठी अडवलेले वॉल्टर स्कॉट पळत असताना त्यांच्या पाठीत गोळ्या झाडणाऱ्या पोलिसाला २० वर्षांची शिक्षा झाली. मिनेसोटात २०२१ साली नोंदणीची मुदत संपल्याच्या आणि आरशाला सुगंधी टिकली लटकल्याच्या कारणाने अडवलेले २० वर्षांचे डाँटे राइट मारले गेले. टेसर समजून पिस्तूल चालवणाऱ्या त्या महिला पोलिसालाही तुरुंगवास झाला. या शिक्षा आवश्यक होत्या. पण त्यांनी दुसऱ्या दिवशी अडवल्या जाणाऱ्या एकाही गाडीचे कारण बदलले नाही.

६. आक्षेप आणि उत्तरे

सहकार्य केले असते तर? अमेरिकेत शिकायला निघालेल्या मुलाला आपल्याकडचे वडीलधारेही हेच बजावतात: पोलिसाने थांबवले तर हात स्टिअरिंगवर ठेव, उलटून बोलू नकोस. सल्ला व्यवहाराचा आहे, पण तो न्यायाचा निकष होऊ शकत नाही. कॅस्टील यांनी शांतपणे, अदबीने सांगितले होते की माझ्याकडे शस्त्र आहे. त्याचा परवाना त्यांच्याजवळ होता. जेमतेम मिनिटभरात त्यांच्यावर सात गोळ्या झाडल्या गेल्या आणि झाडणारा पोलीस पुढे निर्दोष सुटला. आणि ब्लँड यांच्यासारखे कोणी उलट विचारले, तरी नागरिकाचा चिडका स्वर हा बळ वापरण्याचा आधार कोणत्या लोकशाहीत असू शकतो?

पोलिसाचाही जीव धोक्यात असतो. असतो, आणि तो जीव तितकाच मोलाचा आहे. पण धोक्याचे प्रमाण मोजले गेले आहे. जॉर्डन ब्लेअर वूड्स यांनी फ्लोरिडातील २०० हून अधिक पोलीस दलांच्या १० वर्षांच्या नोंदी तपासून २०१९ साली निष्कर्ष मांडला: नेहमीच्या अडवणुकीत पोलिसाचा खून होण्याचे प्रमाण ६५ लाखांत एक, गंभीर इजेच्या हल्ल्याचे सुमारे ३ लाख ६१ हजारांत एक. उलट ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०२१ साली दाखवले की आधीच्या पाच वर्षांत पोलिसांनी असे ४०० हून अधिक चालक आणि प्रवासी मारले, ज्यांनी बंदूक किंवा चाकू उगारला नव्हता आणि ज्यांचा हिंसक गुन्ह्यासाठी पाठलागही चालू नव्हता. प्रत्येक गाडीत मारेकरी असू शकतो हे प्रशिक्षणात ठसवले की पोलीस भीती घेऊनच गाडीजवळ जातो. अशा अडवणुका कमी झाल्या तर त्याचाही धोका कमी होईल.

गुन्हेगारी वाढेल. हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे. १९९२-९३ मध्ये कॅन्सस सिटीतील एका प्रयोगात जादा गस्तीने एका भागात बंदुका जप्त होण्याचे प्रमाण ६५ टक्क्यांनी वाढले आणि बंदुकीचे गुन्हे ४९ टक्क्यांनी घटले. हा निकाल मी नाकारत नाही. पण तो एका छोट्या भागातला, ठरावीक ठिकाणी आणि ठरावीक वेळी केलेल्या गस्तीचा होता. त्याचे बोट धरून शहरेच्या शहरे वर्षानुवर्षे चाळून काढण्याला त्यातून आधार मिळत नाही. अडवणुकांना सुमार नसलेल्या नॅशव्हिल शहरात न्यूयॉर्क विद्यापीठाच्या ‘पोलिसिंग प्रोजेक्ट’ने २०१८ साली पाहणी केली, तेव्हा या अडवणुकांचा गुन्हेगारीवर ना तात्पुरता ना दीर्घ मुदतीचा परिणाम आढळला. नॉर्थ कॅरोलायनातील फेएटव्हिलमध्ये पोलीसप्रमुख हॅरल्ड मेडलॉक यांनी २०१३ ते २०१६ या काळात भर बदलला: वेग, सिग्नल, बेदरकार चालवणे यांवरची कारवाई वाढवली आणि दिवा-नोंदणीसारख्या कारणांची घटवली. अपघात, जखमी आणि मृत्यू तिन्ही कमी झाले, वंशाची तफावतही घटली, आणि गुन्हेगारी वाढली नाही.

रस्त्यांवर बेशिस्त माजेल. अमेरिकेत दरवर्षी ४० हजारांच्या आसपास माणसे रस्त्यावर मरतात, त्यामुळे ही चिंता रास्त आहे. पण माणसे मरतात ती वेग, दारू आणि निष्काळजीपणा यांनी. आरशाला लटकलेल्या टिकलीने कोणी मरत नाही. फेएटव्हिलने दाखवले ते हेच, की पोलिसाचा वेळ फुटक्या दिव्यांवरून काढून वेगाकडे लावला की जीव वाचतात. उरलेल्या नियमभंगासाठी कॅमेरा आणि टपालाने जाणारी नोटीस पुरते. महाराष्ट्रात ई-चलान मोबाइलवर येते, त्यासाठी कोणी पिस्तूल घेऊन काचेशी येत नाही. कॅमेरेही निर्दोष नाहीत. शिकागोत काळ्या आणि हिस्पॅनिक वस्त्यांतील घरांना कॅमेऱ्याचे दंड गोऱ्या वस्त्यांच्या जवळपास दुप्पट प्रमाणात बसले, असे ‘प्रोपब्लिका’ने २०२२ साली दाखवले. ही तफावत रस्त्यांची रचना सुधारून आणि दंड उत्पन्नाच्या प्रमाणात आकारून दूर करावी लागेल. पण चुकीचा दंड परत करता येतो.

आकडेवारी तर वेगळे सांगते. अर्थतज्ज्ञ रोलंड फ्रायर यांच्या २०१६ च्या अभ्यासाचा हवाला नेहमी दिला जातो. त्यांना ढकलणे, बेड्या घालणे अशा हलक्या बळात मोठी वांशिक तफावत आढळली, पण गोळीबारात आढळली नाही. इथे मोजणी कुठून सुरू केली हे पाहावे लागते. असा हिशेब पोलिसांच्या नोंदीत आलेल्या, म्हणजे आधीच अडवल्या गेलेल्या माणसांपासून सुरू होतो. कृष्णवर्णीयांना क्षुल्लक कारणांनी अडवले जात असेल, तर त्यांच्यात निरुपद्रवी माणसांचा भरणा जास्त असणार, आणि त्यामुळे दर अडवणुकीमागे बळाचे प्रमाण मुळापेक्षा कमी दिसणार. नॉक्स, लो आणि मुमोलो यांनी २०२० साली हे गणिताने सिद्ध केले. अडवण्यातला भेदभाव हिशेबाबाहेर ठेवला की बळातला भेदभावही झाकला जातो.

७. काय करता येईल

हे सारे स्वप्नरंजन नाही. व्हर्जिनिया राज्याने मार्च २०२१ पासून काही किरकोळ दोषांसाठी गाडी अडवायला मनाई केली. फिलाडेल्फियाने ऑक्टोबर २०२१ मध्ये एक ब्रेक लाइट बंद असणे, आरशाला काही लटकणे अशा आठ बाबी गाडी अडवण्याच्या कारणांतून काढल्या. कॅस्टील ज्या रॅमसी काउंटीत मारले गेले तिथले सरकारी वकील जॉन चॉय यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केले की सुरक्षेशी संबंध नसलेल्या अडवणुकीतून पुढे आलेले खटले आमचे कार्यालय चालवणार नाही. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२४ पासून प्रश्न विचारण्याआधी गाडी का थांबवली हे सांगणे पोलिसावर बंधनकारक आहे.

विरोधही तितकाच खरा आहे. मेम्फिस शहराने एप्रिल २०२३ मध्ये निकोल्स यांच्या नावाने असाच नियम केला. टेनेसी राज्याच्या विधिमंडळाने मार्च २०२४ मध्ये कायदा करून तो निष्प्रभ केला. म्हणून शहरांनी एकेकट्याने लढून चालणार नाही, राज्यांच्या पातळीवर बदल व्हायला हवेत. ते पुढीलप्रमाणे असावेत.

पहिले, ज्या दोषाने कोणाच्या जिवाला लगेच धोका नाही, त्यासाठी गाडी अडवायची नाही, घरी नोटीस पाठवायची. दुसरे, अडवण्याचे कारण पहिल्याच वाक्यात सांगायचे आणि ते काम संपले की चालकाला सोडायचे. सिगारेट, स्वर किंवा गंतव्य यांची चौकशी करायची नाही. तिसरे, केवळ संमतीच्या नावाखाली झडती घ्यायची नाही, कारण रस्त्याच्या कडेला सशस्त्र माणसाला ‘नाही’ म्हणणे किती जणांना जमते? चौथे, प्रत्येक अडवणुकीची वंशासह नोंद प्रसिद्ध करायची आणि पोलिसाची कामगिरी अडवलेल्या गाड्यांच्या संख्येवर मोजायची नाही. पाचवे, राज्यांच्या न्यायालयांनी आपापल्या राज्यघटनांच्या आधाराने १९९६ च्या निकालापेक्षा जास्त संरक्षण द्यावे. तसा अधिकार त्यांना आहे.

यातली एकही गोष्ट पोलिसांना दुबळे करत नाही. दारू पिऊन चालवणाऱ्याला अडवण्याचा, पळणाऱ्या दरोडेखोराचा पाठलाग करण्याचा अधिकार शाबूत राहतो. जातो तो फक्त क्षुल्लक नियमाआड लपून संशय घेण्याचा अधिकार. ज्या समाजाला वंशभेदातून सुटायचे आहे त्याने प्रत्येक पोलिसाचे मन शुद्ध होण्याची वाट पाहत बसू नये. मने बदलायला पिढ्या लागतात, गाडी अडवण्याच्या कारणांची यादी विधिमंडळाच्या एका अधिवेशनात बदलता येते. ती आखूड केली तर ज्या भेटींचा शेवट आजवर शवागारात झाला, तशा असंख्य भेटी मुळात होणारच नाहीत, आणि कोणाचा हात कुठे होता हा वाद घालण्याची वेळही येणार नाही.